उठेल तो बाद

त्या रविवारी सायली जिंकली. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच धाकधूक नको. आता हे वाक्य विसरून जायचं. कारण त्या रविवारी कुणीच जिंकलं नाही, डाव झालाच नाही, चौघंजण घरात नुसते चहाला बसले होते, आणि सायलीचा पाय लहानपणापासून अधू आहे. माजलगावात असं ठरलेलं आहे. ठरवायला बैठक झाली नाही, सूचक-अनुमोदक कुणी नव्हतं, तरी ठराव एकमतानं मंजूर झाला. जिचं मत विरोधात पडलं असतं ती त्यावेळी बसलेली होती, म्हणून हात मोजताना दिसली नाही.

सोमवारी कॉलेजच्या पायऱ्या चढताना तिला पहिली अडचण आली ती ही, की अधू पाय नेमका कोणता. वडिलांनी फक्त 'पाय' एवढंच म्हटलं होतं. खालच्या पायऱ्या ती डावा ओढत चढली, मधल्या वळणावर विसर पडला, आणि तिथून पुढं उजवा ओढत ती ऑफिसात पोचली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माणूस लंगडायला लागला की लोक त्याच्या पायाकडं बघत नाहीत, तोंडाकडं बघतात. आणि तोंड तिचं खरोखर दुखल्यासारखंच झालेलं होतं. शिपायानं प्राचार्यांच्या केबिनमधली गादीची खुर्ची आणून तिच्या टेबलाशी लावली. 'बसा म्याडम, उठू नका.' दिवसभर हेच. फाईल कपाटातून काढायला उठली तर, उठू नका. पाणी प्यायला उठली तर, आमी आणतो ना. दुपारी प्राचार्य आत आले, अख्खं ऑफिस नेहमीप्रमाणं उभं राहिलं, सवयीनं तीही अर्धी उठली, तेव्हा दोघांनी खांद्याला धरून तिला खाली दाबलं. ह्या ऑफिसात ती अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर कधीपासून काम करत होती. दर आदेशानंतर एक दिवस तिला काढून टाकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत घ्यायचे. एवढ्या काळात तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं. आता उठू देत नव्हते. गादीच्या खुर्चीत रुतून बसल्या बसल्या तिच्या मनात एकच गोष्ट माशीसारखी घोंघावत राहिली: पण मी जिंकले होते. ही गोष्ट इतकी क्षुल्लक होती की कुणाला सांगायचीही लाज वाटावी, आणि नेमकी त्यामुळंच ती मरत नव्हती.

खेळ रोहिणीनं आणले. रोहिणी लायब्ररीत होती, माहेर आष्टीकडचं, नवरा पुण्यात कंपनीत, त्यामुळं संध्याकाळी तिला मोबाईल आणि मोबाईलला ती. त्यात ती कोरियन कार्यक्रम बघायची. मोठमोठे नट, एरवी ज्यांच्या गाडीला हात लावता येत नसेल, ते तिथं जमिनीवर मांडी घालून एकमेकांच्या कपाळावर टिचक्या मारत होते, आणि ज्याला टिचकी बसली तो हसत हसत लोळत होता. पहिल्यांदा बघितलं तेव्हा सायलीला हसू आलं नाही, भीती वाटली. एवढी मोठी माणसं, आणि ह्यांना घरचं कुणी काही म्हणत नाही? मग रविवारी दुपारी सायलीच्या घरी, पुढच्या पत्र्याच्या खोलीत, सतरंजी टाकून ते स्वतःच खेळायला लागले: सायली, रोहिणी, शेजारचा मोबाईल दुरुस्तीवाला पप्पू, आणि फिजिक्स शिकवणारे बजरंग सर, जे सायलीसारखेच अकरा महिन्यांवर होते पण चाळिशीला आल्यामुळं सर होते. पिठात तोंड घालून चॉकलेट शोधायचा खेळ एकदाच झाला. तिकडं मैदा असतो, इकडं ज्वारीचं पीठ निघालं, आणि सायलीच्या आईनं, मंगलनं, चौघांनाही ते पीठ परत चाळायला लावलं. पाठीवरची नावं ओढून काढायचा खेळही एकदाच झाला. नावं लिहायला पप्पूनं अण्णांच्या वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचे तुकडे कापून आणले होते. उलट्या बाजूनं ते चांगले पांढरे होते, पण रोहिणीनं सरांच्या पाठीवरचं नाव अर्धं ओढलं आणि आतून अण्णांची मिशी दिसायला लागली. 'ऱ्हाऊ द्या,' सर म्हणाले, 'फाटलं-बिटलं तर उगं लफडं.' सर तसेच, पाठीवर अर्ध्या मिशीसकट, घरी गेले. अण्णा म्हणजे शिवशंकरराव. कॉलेज त्यांचं, संस्था त्यांची, नगरपालिकेत माणसं त्यांची, आणि सायलीचे वडील भागवत हे त्यांच्या गाडीचे ड्रायव्हर.

उरला तो उठायचा खेळ. रोहिणी त्याला नुन्ची म्हणायची. नुन्ची म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते न बोलता ओळखणं. सगळ्यांनी गोल बसायचं. एकेकानं मनात येईल तेव्हा उठायचं आणि आकडा म्हणायचा, एक, दोन, तीन. दोघंतिघं एकदम उठले की ते सगळे बाद. शेवटपर्यंत जो बाद होत नाही तो जिंकला, आणि त्यानं बाकीच्यांच्या कपाळावर टिचक्या मारायच्या. 'हे आपल्याला काय शिकवती, वहिनी?' पप्पू म्हणाला होता. 'आपण जन्मल्यापसून हेच करतोय. ऑलिम्पिकात घाला हे, बीड जिल्ह्यानं मेडल न्हाई आणलं तर नाव बदला.' आणि मग पहिला डाव सुरू झाला, आणि कुणी उठेचना. सरांच्या आधी उठायचं कसं म्हणून तिघं थांबलेले, आणि आपण मोठे असून पुढं पुढं करायचं कसं म्हणून सर थांबलेले. 'तुमी व्हा पुढं.' 'न्हाई न्हाई, तुमी.' 'आवो, खेळ हाय हा सर.' 'म्हणूनच म्हणतो, तुमी व्हा.' चौघं इतका वेळ माना खाली घालून गप्प बसले की मंगल आतून हात पुसत आली आणि तिनं हळू आवाजात विचारलं, 'कोण गेलं?'

पुढं सगळ्यांना जमायला लागलं. सायलीला नाही. ती दर डावात बाद व्हायची, आणि दर वेळी एकाच पद्धतीनं: दुसरं कुणी उठलं की तीही उठायची. ठरवून नव्हे. पप्पूचा गुडघा हलला की तिची मांडी ताठ व्हायची, सरांनी हात सतरंजीवर टेकवला की ती उभी असायची, सरांच्या अर्धा क्षण आधीच. 'तू आमची सावली हायस का गं?' रोहिणी वैतागायची आणि टिचकी मारायची. रोहिणीची टिचकी कडक होती. सायली कपाळ चोळत हसायची, पण रात्री अंथरुणावर तिला त्या टिचकीपेक्षा आपल्या मांडीचा राग यायचा. ही मांडी कुणाची आहे? आपल्याला न विचारता ती उठते कशी? आणि मग तिला आठवायचं की ह्या घरात फोन वाजला की तिघंही उभे राहायचे. अण्णांचा फोन आला की वडील आधी उठत, मग हिरवं बटण दाबत. ताटावर असले तर घास हातात घेऊन उभे. नवरा उभा राहिला म्हणून मंगल उभी. आईवडील उभे राहिले म्हणून लहानपणी सायलीही उभी, हातात अर्धी भाकरी, फोनमधून अण्णांचा आवाज बाहेर यायचा आणि तिघं त्या आवाजाकडं तोंड करून उभे. अण्णा कधी म्हणाले नव्हते की उभे राहा. त्यांना ते दिसतही नव्हतं. बंगल्याच्या व्हरांड्यात वडील उभे असत तेव्हा मात्र दिसायचं. तिथं एक बाकडं होतं, रिकामं. शाळा सुटल्यावर ती वडिलांची वाट बघत त्या बाकड्यावर बसायची आणि वडील बाकड्याशेजारी उभे. 'पप्पा, बसा ना.' 'बसतो की.' ते बसले नाहीत. ती मोठी झाली तसं तिला त्या बाकड्यावर बसणं जमेनासं झालं, आणि कधी जमेनासं झालं ते आठवतही नाही. मांडीनं एक दिवस ठरवलं असणार.

तर एकदा तरी जिंकायचं होतं. जिंकून काही मिळणार नव्हतं, टिचक्या सोडून. पण तिला वाटायचं, एकदा, एकच डाव, दुसरं कुणी उठत असताना आपण खाली राहिलो तर काय होतं ते बघावं. आणि हे वाटणं इतकं बिनकामाचं होतं की तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रविवारी नगरपालिकेच्या प्रचाराची धामधूम होती आणि अण्णा गल्लीतून पायी फिरत होते. भागवत गाडी नाक्यावर लावून मागं मागं होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी अण्णांना कधी काही मागितलं नव्हतं. त्या दुपारी स्वतःच्या दारासमोर आल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, 'अण्णा, घर हितंच हाय. घोटभर चहा...' आणि अण्णा, निवडणुकीच्या दिवसांत माणूस कुणालाच नाही म्हणत नसल्यामुळं, हो म्हणाले. आत नुकताच नवा डाव सुरू झाला होता. कुणी उठलं नव्हतं. चौघं एकमेकांच्या गुडघ्यांकडं बघत होते. सायली बघत होती की सरांचा हात टेकायला आलाय, आणि तिची मांडी तयारीला लागली होती, आणि ती त्या मांडीला मनातल्या मनात दटावत होती, थांब, थांब. तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि वडिलांचा आवाज आला, इतका बारीक की तो त्यांचा वाटला नाही: 'अण्णा आलेत.'

सर उठले. रोहिणी उठली, उठता उठता पदर डोक्यावर. पप्पू उठला आणि घाईत, सवयीनं, मोठ्यानं म्हणाला, 'एक!' आतून मंगल आली तीही उभी. दारात भागवत उभे, अण्णा उभे, त्यांच्या मागं गळ्यात पट्टे घातलेले चारपाच कार्यकर्ते उभे. आणि सायलीच्या डोक्यात, जिथं अशा वेळी एरवी काहीच नसतं, एक वाक्य अगदी स्वच्छ उमटलं: सगळे बाद. तिनं तेवढंच पाहिलं. तिला अण्णा दिसले नाहीत असं नाही. दिसले, पण तेही उभेच होते. मांडी उठली होती. खरंच उठली होती, सतरंजीपासून बोटभर वर, टाच रुतलेली, आणि तिनं ती परत खाली आणली. इतकं काम तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. कान गरम झाले. एक श्वास गेला. अजून उठता येईल, मांडी म्हणाली, आत्ता उठलीस तर लक्षात नाही येणार कुणाच्या. दुसरा श्वास गेला. आता उठणं म्हणजे आपण बसलो होतो हे कबूल करणं. तिसऱ्या श्वासाला खोली अचानक उंच झाली. सगळी माणसं खालून दिसत होती, त्यांच्या हनुवट्या, नाकपुड्या, पप्पूच्या पँटची उसवलेली शिवण, आणि ती तळाशी, एकटी, शांत. अशी खोली तिनं कधी पाहिली नव्हती. म्हणजे लहानपणी पाहिली असेल, रांगताना.

'बसा, बसा,' अण्णा म्हणाले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. कुणी बसलं नाही. त्यामुळं खोलीत बसलेली माणसं दोनच राहिली, अण्णा आणि सायली, आणि साहजिकच त्यांची नजरानजर झाली. अण्णा रागावले नाहीत. त्यांना रागवायला येत असेल असं वाटतच नव्हतं. माणसानं दारात पाय ठेवल्यावर समोरचा उठत नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळं त्यांच्याकडं त्यासाठी तयार चेहराच नव्हता. त्यांनी काळजीचा चेहरा वापरला.

'भागवत, ही तुझी पोरगी ना रं? आपल्या ऑफिसात असती ती?'

'व्हय अण्णा.'

'बरं न्हाई का तिला?'

भागवत क्षणभरही थांबले नाहीत. 'पाय, अण्णा. लहानपणापसून जरा अधू हाय. उठाय-बसाय लई तरास व्हतो.'

सायलीनं रोहिणीकडं पाहिलं. ती काहीतरी बोलेल. रोहिणी बोलली. 'आज जरा जास्तच सुजलाय.'

'थंडीमुळं,' सर म्हणाले.

'मी कवाचं म्हणतोय, दाखवून ये,' पप्पू म्हणाला.

ह्या तिघांना कुणी शिकवलं नव्हतं. न बोलता ओळखणं म्हणजे काय ते सायलीला तेव्हा नीट कळलं. तिघं एकामागोमाग एक, कुणीही कुणावर आदळला नाही, डाव इतका सुंदर पडला होता की रोहिणीच्या त्या कार्यक्रमातल्या नटांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या. 'अण्णा,' सायली म्हणाली. 'आमी खेळत व्हतो. ह्यात एकदम उठलं की बाद व्हतंय. म्हणून मी उठले न्हाई.' मंगलच्या हातातल्या कपबश्या वाजल्या. अण्णांनी मान हलवली, सावकाश, मायेनं. 'खेळावं,' ते म्हणाले. 'मन रमतं.'

मग चहा आला आणि तो घ्यायलाही तिला उठता येईना, कारण आता ती अधू होती. बसणं जितका वेळ तिचं होतं तो वेळ संपला होता. आता ते बसणं वडिलांनी दिलेलं होतं. तीच सतरंजी, तीच मांडी, आणि पायाला खरोखरच मुंग्या यायला लागल्या. अण्णांनी बशीत चहा ओतला. 'एवढ्या दिवस सांगितलं कावून न्हाई, भागवत? आपल्याकडं दिव्यांगाची एक जागा भरायची राहिलीय. वरून सारखं विचारतेत. पोरीला म्हणावं सर्टिफिकिट काढ, अर्ज टाक. करून टाकू कायम.' कायम हा शब्द त्या पत्र्याच्या खोलीत पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. भागवत खाली वाकले. ते अण्णांच्या पायाशी वाकलेले असताना सायलीला त्यांच्या डोक्याचा मधला भाग दिसला, केस विरळ झालेला, आणि तिला वाटलं, हा आपल्याला एरवी कधी दिसला नसता. आपण कधी खाली नव्हतोच. सगळे अण्णांना सोडायला दारापर्यंत गेले. ती राहिली.

'मी जिंकले,' मंडळी परत आल्यावर ती उभी राहून म्हणाली.

'काय?' रोहिणी.

'तुमी तिघं एकदम उठलात. मी एकटी ऱ्हायले. मी जिंकले.'

'असं कसं?' सर समजावणीच्या सुरात म्हणाले, वर्गात म्हणतात तसं. 'पाव्हणे आले की डाव मोडतो.'

'असा नियम कुठं हाय?'

'नियम कशाला लागतो त्याला? मोडतोच.'

'तिकडं असं काही झालं तर परत घेतेत,' रोहिणी म्हणाली, पण तिच्याकडं न बघता.

'तिकडं अण्णा येतेत का?'

'धरायचा म्हणलं डाव,' पप्पू विचार करून म्हणाला, 'तर सगळेच धरावं लागतील. अण्णा तर उभेच आत आले. म्हणजे अण्णा बाद. कार्यकर्ते बाद. एका दमात अख्खं पॅनल बाद.'

'कोण बाद?' दारातून भागवतांचा आवाज आला. पप्पू चपला शोधायला लागला. भागवतांनी सायलीकडं पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. 'उभी कावून हायस? खाली बस आधी. माणसं अजून गल्लीतच हायती.' ती बसली. त्या दिवशी तिच्या उठण्याबसण्याचे जेवढे निर्णय झाले त्यात तिचा स्वतःचा एक होता, आणि तोच तेवढा नामंजूर झाला होता.

सगळे गेल्यावर ती म्हणाली, 'पप्पा, माझा पाय दुखत न्हाई.'

'दुखंल. थंडी हाय.'

'मी मुद्दाम बसले व्हते.'

भागवत खुंटीला गाडीची चावी अडकवत होते. ती चावी ते एरवी खिशातच ठेवत. 'सायले,' ते म्हणाले, 'अण्णा घरी आलते. आपल्या घरी. ह्या खुर्चीत बसलते.' त्यांनी खुर्चीकडं हात केला, पण खुर्चीवर बसले नाहीत. ती रात्रभर तशीच रिकामी राहिली, आणि दुसऱ्या दिवशीही, आणि मंगलनं तिच्यावर वाळलेले कपडे ठेवले तर त्यांनी ते उचलून पलंगावर टाकले. सायलीला कळत होतं. अण्णा घरी आले तो दिवस वडिलांकडं आता कायमचा होता, आणि त्या दिवसात मुलगी कुठंतरी असायलाच हवी होती: एक तर पायानं अधू, नाहीतर अण्णांसमोर मुद्दाम बसून राहिलेली. दुसरी असती तर तो दिवस त्यांना ठेवता आला नसता. त्यांनी पाय निवडला. बापानं दुसरं काय निवडावं? हे सगळं तिला कळत होतं आणि त्यामुळंच तिचा संताप कुठं जाऊन बसत नव्हता. आडवा-उभा हिंडत होता, पत्र्याखाली अडकलेल्या चिमणीसारखा. कुणी भांडलं असतं तरी चाललं असतं. कुणी म्हणालं असतं, लाज न्हाई का वाटली, तर तिनं म्हटलं असतं, न्हाई वाटली, आणि मग निदान ती गोष्ट झालेली तरी असती. पण सगळे काळजी घेत होते. मंगल मोहरीचं तेल गरम करून आणायची आणि दोन्ही पायांना चोळायची, कारण कोणता ते तिलाही विचारवत नव्हतं. 'आई, तुला तर माहीत हाय.' 'चोळल्यानं वाईट काय व्हतंय?' मंगल म्हणायची, आणि चोळल्यानं खरोखर बरं वाटायचं, हा आणखी एक वैताग.

पुढच्या रविवारी ते पुन्हा जमले. सायलीला वाटलं, खेळूनच दाखवावं. पण रोहिणीनं तिच्यासाठी भिंतीला उशी लावली होती. 'तू पंच हो,' ती म्हणाली. 'मी खेळणार.' 'उठावं लागतंय गं त्यात.' 'रोहिणी, इथं आपणच हाय. कोण बघतंय?' रोहिणीनं खिडकी लावून घेतली, मग परत उघडली, मग खाली बसून हळूच म्हणाली, 'सवय ऱ्हायला पायजे ना पण. तुझं कायम झालं की आमचंबी कुणीतरी बघंल.' सर सतरंजीचा दोरा उपसत होते. त्यांचा आदेश ह्याच महिन्यात संपत होता. सायली पंच झाली. तिनं पूर्ण दुपार भिंतीला टेकून तिघांना उठताना पाहिलं आणि कुणी कुणाबरोबर उठलं ते प्रामाणिकपणे सांगितलं. तिची मांडी एकदाही हलली नाही. आता तिला जिंकता आलं असतं.

आणि मंगळवारी उज्ज्वला आली. उज्ज्वला ह्याच कॉलेजात शिकली होती. लहानपणीच्या पोलिओनं तिचा एक पाय बारीक राहिलेला, तीनचाकी स्कूटरवर ती चकलांब्याहून यायची, जिना कठड्याला धरून चढायची आणि ऑफिसच्या खिडकीशी येऊन विचारायची, 'जागा निघाली का, म्याडम?' आणि सायली इतके दिवस सांगत आली होती, 'निघाली की कळवू.' आज सायली खिडकीशी उठून आली नाही हे तिच्या लक्षात आलं. गादीची खुर्ची दिसली. 'ताई, पायाला काय झालं?' सायलीच्या बाजूच्या टेबलावरून कुणीतरी सांगितलं, की म्याडमचा पाय पहिल्यापासून अधू आहे, कुणाला कळू दिलं नाही, किती हिंमत बघा. उज्ज्वलाचा चेहरा बदलला. सायलीला वाटलं, हिला कळलं. जिला खरोखर माहीत आहे तिच्यापुढं हे टिकणार नाही, आत्ता ही हसेल, किंवा थुंकेल, आणि संपेल एकदाचं. पण उज्ज्वला खिडकीतून आत वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, 'ताई, सर्टिफिकिटाला बीडला जायचं असंल तर एकट्या जाऊ नका. लई बेजार करतेत. मी येते संगं. कोणत्या खिडकीला जायचं ते मला माहीत हाय.' आणि मग, जिना उतरायच्या आधी, सवयीनं, 'जागा निघाली का?' सायलीनं सांगितलं, 'निघाली की कळवू.' हे वाक्य आपल्या तोंडाचं की मांडीचं, हे तिला सांगता आलं नसतं.

ऑफिसातले सगळे अर्ज तीच टाइप करायची. रजेचे, बदलीचे, पगार थांबल्याचे. हात आपोआप चालायचे, उपरोक्त विषयान्वये, सविनय सादर, इतकं की कधी कधी घरी भाजी मागतानाही वाक्य तसंच सुरू व्हायचं. आज अर्ज तिचा होता. बाहेर प्रचाराची रिक्षा ओरडत फिरत होती. खाली गाडी लागलेली होती, म्हणजे अण्णा प्राचार्यांकडं आले होते, आणि खिडकीतून वडील दिसत होते, गाडीशेजारी, दाराला न टेकता. ड्रायव्हरची सीट आत रिकामी होती, दार उघडंच होतं. तिनं विषय लिहिला: दिव्यांग प्रवर्गातून नियुक्ती मिळणेबाबत. मग तो खोडला. मग बराच वेळ ती पडद्यावरची उघडझाप करणारी रेघ बघत राहिली. ती रेघ उभी होती. मग हात आपोआप चालायला लागले, आणि ह्या खेपेला तिनं त्यांना थांबवलं नाही.

प्रति, मा. अध्यक्ष साहेब. महोदय, अर्जदार सविनय सादर करते की, अर्जदाराचे दोन्ही पाय चांगले असून रविवार रोजी आपण आमच्या घरी आलात त्यावेळी अर्जदारास उठता येत होते. अर्जदार खेळत होती व ती जिंकली. सबब अर्जदारास दिव्यांग समजण्यात येऊ नये, व सदर जागा कु. उज्ज्वला, रा. चकलांबा, यांना देण्यात यावी, त्यांना पुन्हा पुन्हा विचारायला लावू नये. तसेच आपण पुनश्च आमच्या घरी आलात तर अर्जदाराचे वडील श्री. भागवत यांना प्रथम बसण्यास सांगावे, व ते प्रत्यक्ष बसेपर्यंत आपण स्वतः उभे राहावे. यास किती वेळ लागेल हे अर्जदारास आज रोजी सांगता येत नाही. तरी तोपर्यंत चहा गार झाल्यास तो पुन्हा गरम करून देण्यात येईल, याची कृपया नोंद घेऊन वरीलप्रमाणे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.